मंच कुणाचा, बोलणार कोण?

गावोगावच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचे अहवाल वाचले, तर त्यांत तीन गोष्टी हमखास सापडतात : पाहुणे कोण आले, सभागृह किती भरले आणि आभार कोणी मानले. ज्या वस्तीत कार्यक्रम झाला, तिथल्या माणसांपैकी बोलले कोण, याची नोंद क्वचितच असते. ती ठेवण्याची गरज कुणाला वाटत नाही, कारण वस्तीने ऐकायचे आणि पाहुण्यांनी सांगायचे ही वाटणी आपण कधीच मान्य करून टाकली आहे. साहित्य, इतिहास, कला, विचार या गोष्टी लोकांपर्यंत 'पोहोचवायच्या' असतात, असे आपण सहज बोलून जातो. त्या लोकांकडे आधीपासून असू शकतात, हे या बोलण्यात गृहीतच धरलेले नसते.

माझे म्हणणे असे आहे की सार्वजनिक सांस्कृतिक कार्यक्रमाची किंमत एकाच कसोटीवर ठरावी. आपण ज्यांना श्रोते समजत होतो, त्यांच्यातले किती जण त्या उपक्रमातून जाणकार म्हणून पुढे आले? ही कसोटी कठोर आहे, पण अव्यवहार्य नाही. भोपाळने ती काही वेळा उत्तीर्ण करून दाखवली आहे आणि काही वेळा त्याच शहराने तिच्याकडे पाठही फिरवली आहे. म्हणूनच हे शहर मराठी वाचकाने नीट पाहावे असे मला वाटते.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी भारत भवनाचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. वास्तू चार्ल्स कोरिया यांची. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी ही इमारत रस्त्यावरून डोळ्यांत भरतही नाही. रूपंकर हे कलासंग्रहालय, रंगमंडल हे नाट्यदल, वागर्थ हे कवितेचे केंद्र आणि अनहद हे संगीताचे केंद्र, असा तिचा पसारा. अर्जुनसिंह यांच्या सरकारचा पाठिंबा आणि कवी-प्रशासक अशोक वाजपेयी यांची धडाडी यांमुळे ती उभी राहिली. रंगमंडल ब. व. कारंत यांच्याकडे आले, रूपंकर चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे. एखाद्या राज्याच्या राजधानीत असे कलाकेंद्र उभे राहणे ही मोठी गोष्ट होतीच. पण भारत भवनाचे खरे वेगळेपण त्याच्या बांधकामाच्या जागेवरच सुरू झाले होते.

झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावची भुरीबाई ही भिल्ल तरुणी त्या बांधकामावर मजुरीला होती. स्वामिनाथन यांनी तिथल्या मजूर बायांना तुमच्याकडे घरात कशी चित्रे काढतात असे विचारले आणि रंग, कागद पुढे केले. भुरीबाई चित्र काढायला बसली. भिल्लांमध्ये पिठोऱ्याचे विधिपूर्वक चित्रण हा पुरुषांचा मान. बायांच्या वाट्याला घराच्या भिंती. कागद आणि कॅनव्हास आपलेसे करणाऱ्या पहिल्या भिल्ल स्त्री-चित्रकारांत भुरीबाईंचे नाव घेतले जाते. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भोपाळच्याच जनजातीय संग्रहालयात त्यांनी स्वतःच्या आयुष्याची गोष्ट एका लांबलचक भिंतीवर रंगवली आहे. ज्या वास्तूसाठी त्यांनी मजुरी केली, त्या वास्तूच्या इतिहासातून आज त्यांचे नाव वगळता येत नाही.

ही कथा हृद्य आहे म्हणून वारंवार सांगितली जाते. मला तिच्यातला विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वामिनाथन यांनी मजूर बाईवर दया दाखवली नव्हती. आदिवासी कलावंत भूतकाळाचा अवशेष नसून आपला समकालीन आहे, आज जगणारा आणि आज विचार करणारा माणूस आहे, ही त्यांची भूमिका होती. म्हणून रूपंकरमध्ये शहरी आधुनिक चित्रे आणि आदिवासी-लोककलेची चित्रे एकाच छपराखाली आली. तरुण कलावंतांचे गट त्यांनी गावोगाव पाठवले. अशाच एका गटाला पाटणगढ या गावात भिंतीवरची चित्रे दिसली आणि जनगढसिंह श्याम भोपाळला आले.

जनगढ परधान गोंड. परधानांचे परंपरेने काम बाना वाजवून बडादेवाला आळवण्याचे आणि गोंड यजमानांच्या कुळकथा गाण्याचे. यजमानी आटली तशी बरीच घरे मजुरीला लागली. जे गाण्यात होते ते जनगढ यांनी रंगांत आणले. त्यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली आणि भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवरही चढली. त्यांच्यामागोमाग नातेवाईक, गाववाले भोपाळला आले आणि 'जनगढ कलम' नावाची एक शैलीच रुजली. जनगढ यांचे पुतणे भज्जू श्याम यांनी या शहरात रात्रपाळीची चौकीदारी केली होती. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र 'भीमायन' या चित्रपुस्तकात रंगवले. माणसांना चौकटीत कोंडणार नाही, अशी त्यांनी अट घातली आणि चित्रकथेतल्या नेहमीच्या चौकोनी खणांऐवजी मोकळी, वळत जाणारी पाने तयार केली. महूला जन्मलेल्या आणि महाराष्ट्र घडवणाऱ्या माणसाची कथा मध्य प्रदेशातल्या परधान चित्रकारांनी अशा रीतीने पुन्हा सांगितली. जगाला देण्यासारखा विचार या घरांमध्ये आधीपासूनच होता. भोपाळने एवढेच केले की त्याला दार उघडून दिले.

त्या काळात भोपाळच्या आसपास हा विचार अनेक अंगांनी फुलत होता. १९८२ सालीच 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. १९८५ पासून तिचे 'चकमक' हे मासिक निघू लागले आणि मुलांनी स्वतः लिहिलेले, चितारलेले त्यात आवर्जून छापले जाऊ लागले. हबीब तनवीर यांच्या 'नया थिएटर'ने पुढे भोपाळलाच घर केले. 'नाचा' हे लोकनाट्य करणाऱ्या छत्तीसगढी कलावंतांना सुरुवातीला तनवीर यांनी हिंदी संवाद आणि शहरी रंगमंचाची शिस्त दिली होती. त्यात त्या कलावंतांचा जीव गुदमरतो आहे हे ओळखून त्यांनी त्यांना त्यांच्याच बोलीत उभे केले. 'चरणदास चोर' या नाटकाने १९८२ साली एडिंबरामध्ये बक्षीस मिळवले ते छत्तीसगढी बोलत. शामला हिल्सवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या सुमारे दोनशे एकरांच्या आवारात तर आदिवासींची घरे त्या-त्या समाजाच्या माणसांनीच येऊन बांधली. वारली, तोडा, संथाळ अशी घरे तिथे पाहायला मिळतात. २०१३ साली उघडलेल्या जनजातीय संग्रहालयाच्या दालनांतही आदिवासी कलावंतांच्या हातचे काम आहे.

इथवर वाचून मराठी वाचकाला वाटेल की हे सगळे सरकारच्या पैशावर झाले, आपल्याकडे तर लोकांनी वर्गणी काढून अशी कामे उभी केली. ही नोंद रास्त आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि नागरिकांच्या बळावर चालत राहिली. १८९३ नंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव, गावोगावची वाचनालये, नाट्यसंस्था, ग्रंथसंग्रहालये ही मराठी समाजाची खरी कमाई आहे. संस्कृतीचा खर्च आपण उचलायचा असतो, हे मराठी माणूस फार लवकर शिकला.

पण याच परंपरेच्या पोटात एक जुना प्रश्न आहे आणि तो आपण नीट ऐकलेला नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली तेव्हा रानडे यांनी जोतीराव फुले यांना निमंत्रण दिले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक माणसांना माणसाचे हक्क मोकळ्या मनाने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. शूद्रांनी आपल्या हिताचा विचार आपणच करावा, हेही त्यांनी सुचवले. व्याख्यानमालेच्या दोन वर्षे आधी, १८७३ साली, त्यांनी त्याच शहरात सत्यशोधक समाज स्थापला होता. म्हणजे एकाच शहरात, जवळपास एकाच वेळी, सार्वजनिक ज्ञानाच्या दोन वाटा निघाल्या. एका वाटेवर विद्वान बोलत आणि नागरिक ऐकत. दुसऱ्या वाटेवर शेतकरी, कारागीर आणि पुढे गिरणी कामगार स्वतःच जलशात उभे राहिले. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ही सगळी दुसऱ्या वाटेची माणसे. इतिहास, धर्म, जात, मजुरी या विषयांवर त्यांनी लोकांसमोर जो विचार मांडला, तो कुठल्याही व्यासपीठावरच्या विचारापेक्षा कमी नव्हता.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी समाजाने बहुतेक ठिकाणी यांपैकी पहिलीच वाट बरोबर नेली. भोपाळचेच पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरऐवजी भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूरहून मराठी कर्मचारी या नव्या राजधानीत आले. ज्याला आज सगळे टी. टी. नगर म्हणतात, त्या तात्या टोपे नगरात आणि इतर सरकारी वसाहतींत त्यांचे संसार थाटले गेले. गणेशोत्सव, हौशी नाटके, हळदीकुंकू, दिवाळी अंकांची देवघेव या सगळ्यांतून त्यांनी भाषा जिवंत ठेवली. परक्या भाषेच्या शहरात हे सोपे काम नव्हते. आज राज्य शासनाची मराठी साहित्य अकादमीही भोपाळला आहे. ज्यांनी हे टिकवले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

तरीही बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांची कार्यक्रमपत्रिका आता बदलायला हवी, असे मला निक्षून वाटते. पुण्या-मुंबईहून गायक यावा, वक्ता यावा, त्याचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत व्हावे, आणि आपण पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसून ऐकावे, या साच्यात तिसरी पिढी टिकणार नाही. हिंदी आणि इंग्रजीत शिकलेल्या मुलाला मराठी ही फक्त ऐकायची भाषा राहिली, तर तो लवकरच ऐकणेही सोडेल. शिवाय या साच्यात एक समजूत दडलेली आहे : मराठीचे खरे ज्ञान तिकडे आहे आणि आपण इथे त्याचे ग्राहक आहोत. ही समजूत खोटी आहे. नागपुराहून राजधानी हलली तेव्हा उठून आलेल्या कुटुंबांची हकिगत पुण्याचा कोणता वक्ता सांगणार? हिंदी-उर्दूच्या शेजारात वाढलेल्या मराठीचे रूप मुंबईचा कोणता प्राध्यापक इथल्या आजींपेक्षा चांगले जाणतो? आणि १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र इथल्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांनीही अनुभवली आहे. त्यांना कोणत्या मंडळाने मंचावर बसवून विचारले?

त्या रात्रीकडे वळल्याशिवाय भोपाळच्या सांस्कृतिक जीवनावर प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही. भारत भवन उघडून तीन वर्षेही झाली नव्हती. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जुन्या शहराच्या गरीब वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे गेली, लाखोंचे शरीर कायमचे बिघडले. त्यानंतर ही माणसे सरकारी कागदांत दावेदार झाली, रुग्ण झाली, क्रमांक झाली. आपल्या शहराविषयी आणि आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगाविषयी त्यांना काही समजते, असे मानायला व्यवस्था तयार नव्हती. तलावाच्या एका बाजूला टेकडीवर देशातले नामवंत कलाकेंद्र आणि दुसऱ्या बाजूला बोलू न दिलेल्या वस्त्या, हे भोपाळचे दुखणे आहे.

या वस्त्यांनी मग आपले मंच आपणच उभे केले. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेची सभा वर्षानुवर्षे दर आठवड्याला यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये भरत असे. कधी चारचौघांत तोंड न उघडलेल्या बाया तिथे कोर्टाचे निकाल, औषधे, पाणी, नुकसानभरपाई यांवर बोलू लागल्या. माझ्या मते ती दीर्घकाळ चाललेली लोकांची शाळाच होती, फक्त तिला कुणी तसे नाव दिले नाही. विड्या वळणाऱ्या रशीदा बी आणि त्यांच्या सहकारी चंपादेवी शुक्ला यांनी कामगार बायांची संघटना बांधली. १९८९ साली त्या बायांना घेऊन पायी दिल्लीला गेल्या. २००४ साली त्या दोघींना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि त्या पैशातून त्यांनी गॅसग्रस्तांच्या अपंग मुलांसाठी 'चिंगारी' संस्था काढली. डिसेंबर २०१४ मध्ये 'रिमेंबर भोपाळ' हे संग्रहालय उघडले, तेही सरकार किंवा कंपन्यांचा पैसा न घेता. तिथे मरण पावलेल्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत आणि वाचलेल्यांचे स्वतःच्या आवाजातले कथन आहे. कोणाची आठवण, कोणत्या शब्दांत आणि कोणी सांगायची, याचा निर्णय तिथे गॅसग्रस्तांचा आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला दर्जाचा. सगळ्यांनाच मंच दिला तर चांगले-वाईट कोण ठरवणार? मला वाटते, दर्जाची काळजी सोडायची गरजच नाही. स्वामिनाथन आणि कारंत दोघेही दर्जाबाबत कडक होते. जनगढ यांना विधानभवनाची भिंत कीव करून मिळाली नाही, ती त्यांच्या रेषेने मिळवली. हबीब तनवीर यांनी नाचा कलावंतांना बोली परत दिली, पण तालमीत सूट दिली नाही. दर्जा ठरवणाऱ्याची नजर अरुंद असेल, तर तो दर्जाच्या नावाखाली फक्त आपल्या ओळखीच्या माणसांना निवडतो. नजर रुंद केली तर दर्जा वाढतो, हे या शहराच्या भिंती सांगतात.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि सत्तेचा. भारत भवन वर्गणीतून उभे राहिले नसते, हे खरे. पण सरकारी आश्रयाची किंमतही भोपाळने मोजली आहे. भवनाचा न्यास १९८२ च्या कायद्याने स्थापन झाला. १९९० साली राज्यात सत्ताबदल झाला, त्याच वर्षी स्वामिनाथन यांनी रूपंकर सोडले आणि भवनाच्या स्वायत्ततेचा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला. हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने मानव्यविद्यांसाठी राष्ट्रीय निधी उभारला गेला आणि त्याच्या आधाराने राज्याराज्यांतल्या परिषदा गावांतल्या वाचनालयांत व्याख्याने, चर्चा आणि प्रदर्शने भरवू लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये त्या परिषदांची अनुदाने केंद्राने एकाएकी रद्द केली. एका सहीने जे मिळते ते एका सहीने जाते. म्हणून मोठ्या संस्थांना सरकारी पैसा मिळायलाच हवा, पण वस्तीतल्या मंचाचा पाया वर्गणीचाच असावा. इथे मराठी परंपरा भोपाळला काही शिकवू शकते, आणि कुणाला जाणकार मानायचे हे मराठी मंडळांनी भोपाळकडून शिकावे.

मात्र भोपाळच्या यशातला एक धोका नजरेआड करता येत नाही. भुरीबाईंना दार उघडले ते एका माणसाच्या नजरेने. स्वामिनाथन त्या दिवशी त्या मजुरांपाशी थांबले नसते तर? आणि ओळख मिळाली म्हणजे सुरक्षितता मिळते असेही नाही. जनगढसिंह श्याम यांनी २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना आत्महत्या केली. परदेशात एकटा पडलेला कलावंत, त्याच्या कामाच्या अटी, त्याच्यामागे उभी राहणारी यंत्रणा यांचे प्रश्न तेव्हा भारतातल्या अनेक कलावंतांनी विचारले. एखाद्याची नजर आणि एखाद्याचे नशीब यांवर संस्कृतीचा कारभार सोडता येणार नाही. त्याचे नियम करावे लागतील.

हे नियम अवघड नाहीत. वर्षभराच्या कार्यक्रमांपैकी निम्मा वेळ स्थानिक माणसांचा असावा, आणि स्थानिक म्हणजे फक्त समितीचे सदस्य आणि त्यांची मुले नव्हेत. घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक, निवृत्त परिचारिका, बाजारातला शिंपी हेही त्यात यावेत. त्यांच्याशी आधी महिनाभर बोलून, त्यांच्या आठवणी आणि कौशल्य समजून घेऊन कार्यक्रम बेतावा, नाहीतर त्यांना आयत्या वेळी उभे करून त्यांची फजितीच होईल. बाहेरच्या वक्त्याला जे मानधन देतो तेच त्यांना द्यावे. शाल-श्रीफळावर मजुराची बोळवण करणे हा अपमान आहे. जे बोलले जाईल त्याचे ध्वनिमुद्रण करून गावातल्या वाचनालयात ठेवावे आणि त्यावरचा हक्क बोलणाऱ्याचा राहावा. आणि शेजारच्या भाषेला बोलवावे. भोपाळमध्ये मराठी, उर्दू, हिंदी, गोंडी आणि भिली एकाच बसमध्ये ऐकू येऊ शकतात. मग त्या एकाच मंचावर का येऊ नयेत?

व्याख्याने बंद करा असे मी म्हणत नाही. चांगला वक्ता दुरून येऊन जे डोळे उघडतो, त्याला पर्याय नाही. पण त्याच्या शेजारची खुर्ची वस्तीतल्या माणसाची असावी, आणि त्या माणसाने वक्त्याला प्रश्न विचारावा, दुरुस्त करावे, प्रसंगी खोडून काढावे. फुल्यांनी १८८५ साली नाकारलेल्या निमंत्रणाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. ते देण्याची जागा आपल्या गल्लीतला मांडव हीच आहे.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापायला देण्याआधी तीत आपल्याच वस्तीतल्या, आजवर कधीही मंचावर न चढलेल्या एका माणसाचे नाव घाला. त्याला पाहुण्याइतकाच वेळ आणि पाहुण्याइतकेच मानधन द्या. आणि तो जे सांगेल ते लिहून ठेवा.